मध घातला म्हणून फ्रूट सॅलड हलकं होत नाही

मागच्या रविवारी गुहागरला आत्याकडे गेले होते. जेवणं झाल्यावर तिनं मोठ्या कौतुकानं फ्रूट सॅलडची वाटी पुढे केली. पहिल्याच घासाला घसा खवखवला, इतकं गोड. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणते, "साखरेचा कण नाही हो त्यात! मध घातलाय, चार मोठे चमचे. आणि मलईबिलई काही नाही, नारळाचं दूध आहे." आत्याला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. हे प्रकरण तीन आठवडे, दोन्ही वेळा, वाटी वाटी चाललं होतं.

मग मोबाइल पुढे आला. "मलईदार तरी बिनचरबीचं! शुगरवाल्यांनी रोज खावं असं फ्रूट सॅलड." खाली हात जोडलेले आणि "दहा जणांना पाठवा". हाच मेसेज मलाही तीन ग्रुपांवर आला होता आणि मी न वाचता पुढे सरकले होते. आता वाचलाय, तर बोलतेच.

पहिला मुद्दा मधाचा, आणि सगळ्यात घातक तोच. मेसेज म्हणतो, मध नैसर्गिक, म्हणून तो साखरेत धरत नाहीत. कोण धरत नाही? जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस हे सगळं एकाच खात्यात टाकलंय. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर तेवढी त्यातून वगळली आहे. म्हणजे मेसेजनं नेमकं उलटं सांगितलंय. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्यानं ही वरची साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 च्या आत ठेवली तर आणखी बरं, असा त्या सूचनांचा हिशोब होतो.

आत्याचा मध रानातला, ओळखीच्या माणसाकडून आणलेला, एकदम शुद्ध. असेल. शुद्ध मधातही शंभर ग्रॅमला ऐंशीएक ग्रॅम साखरच असते, उरलेलं बहुतेक पाणी. मी तिच्या केकच्या वजनकाट्यावर चमचा ठेवून दाखवला. सपाट चहाचा चमचा साखर भरली 4 ग्रॅम, तेवढाच मध 7 ग्रॅम. मध जड, त्यामुळे चमच्याला चमचा मोजला तर मधाच्या कॅलरी साखरेपेक्षा जास्तच भरतात. तिचे चार मोठे चमचे म्हणजे साधारण 84 ग्रॅम मध, चार वाट्यांत. दर वाटीला 17 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे चार चमचे. दिवसाला दोन वाट्या. "अगो, चहातली साखर मेली सोडली ना मी!" चहातली सोडली आणि वाटीत घेतली. फळांची साखर त्या खात्यात नसली तरी रक्तात उतरतेच, तेव्हा मधुमेहात हापूसच्या फोडीही मोजूनच.

दुसरं, नारळाचं दूध "बिनचरबीचं". हे कोकणात राहून कुणी लिहावं? खोबऱ्यातून तेल कुठून निघतं मग? एक कबूल, नारळात कोलेस्टेरॉल नसतं. पण पहिलं दाट दूध विकत घेतलंत तर डब्यावरचा आकडा वाचा, शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास चरबी दिसेल, आणि त्यातली बहुतेक संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड. पाकिटातलं कमी चरबीचं क्रीम 25 टक्क्यांचं असतं. म्हणजे मलई काढली आणि जवळपास मलईच घातली. सोलकढीत वाटीभर पातळ रस जातो, तो वेगळा.

तिसरं, अननस किंवा पपई दुधात पडली की "रक्तात विष". विषबिष काही नाही. अर्धं खरं इतकंच, की न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन आणि पपईत पपेन नावाची विकरं (एन्झाइम) असतात, ती दुधातली प्रथिनं तोडतात, म्हणून थोड्या वेळानं सॅलड कडवट आणि पाणचट होतं. अननसाच्या फोडी पाच मिनिटं उकळून गार करून घाला, काही होत नाही. पपई सरळ वगळा.

चौथं, मेसेज म्हणतो कस्टर्ड पावडरीत अंडं असतं. अंडं? ही पावडर 1837 साली आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रजानं बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणूनच तयार केली. आपल्याकडच्या साध्या डब्यात मक्याचं स्टार्च, रंग आणि वास. हिरवा ठिपका बघा आणि विषय संपवा.

बाकी अमावास्येला खाऊ नये वगैरे आहे, ते सोडते.

हलकं करायचं तर दूध बदला. फुल क्रीम दुधात 6 टक्के चरबी, डबल टोन्डमध्ये 1.5. अर्ध्या लिटरमागे तीसऐवजी साडेसात ग्रॅम. त्यात दोन सपाट मोठे चमचे कस्टर्ड पावडर आधी गार दुधात कालवून मग शिजवायची आणि निवताना ढवळत राहायचं, नाहीतर वर साय धरते. दाटपणासाठी टोन्ड दुधाच्या दह्याचा चक्का, फडक्यात तीन-चार तास टांगलेला, पूर्ण गार कस्टर्डात घोटून. गोडीला पिकलेलं केळं, थोडा चिकू, वर डाळिंब. वरून साखर नाही आणि मधही नाही.

सकाळी आत्याकडे हेच केलं. तिनं पातेल्यातून चमचा चाटून बघितला, "बरं झालंय हो" म्हणाली, आणि तोच उष्टा चमचा परत आत घातला. लाळेनं स्टार्च तुटतं. दुपारी सॅलड ताकासारखं पातळ. आत्या म्हणाली, "बघ, मध नाही ना घातलास!"