ताकद ३१, वळण २: दोन तारे देणाऱ्या खानापूरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

आमच्या फुटबॉल गेमला तुम्ही दोन तारे दिलेत आणि खाली सविस्तर लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. सुरुवातीला अपग्रेड, म्हणजे नाणी भरून खेळाडूचं कसब वाढवायच्या पायऱ्या, भराभर मिळतात, पण विसाव्या पायरीनंतर दर आभाळाला भिडतात. कितीही जोरात मारलं तरी गोलकीपर अडवतोच, म्हणजे कॉम्प्युटर चीटिंग करतो. पावसाळी मैदानावर बॉल मधेच थांबतो. ऑफसाइड (बचाव करणाऱ्यांच्या पुढं जाऊन पास घ्यायला मनाई करणारा नियम) नाही, म्हणून हे फुटबॉलच नव्हे. जाहिराती फार. कॉमेंट्री गावंढळ. आणि शेवटी, ‘बेळगावची पोरं म्हणून डाउनलोड केला, पण हीसुद्धा पैसे उकळायलाच बसलीत.’

शेवटचं वाक्य सोडलं तर बाकीचं मी आवडीनं वाचलं. गेम बराच खेळल्याशिवाय माणूस इतकं नेमकं लिहीत नाही. त्यातून तुम्ही स्क्रीनशॉटही जोडलात, त्यामुळे माझं काम सोपं झालं. त्यात तुमच्या स्ट्रायकरच्या तीन पट्ट्या दिसतात: ताकद ३१, वळण (बॉल हवेत किती वळतो ते) २, पास ३. भाऊ, तुमच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथंच आहे की.

आधी दरांचं सांगतो. प्रत्येक पट्टीची पहिली पायरी ५० नाण्यांची, आणि पुढची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा १५ टक्के महाग. ही युक्ती आमची नाही. २०१३ साली एका फ्रेंच प्रोग्रॅमरनं ‘कुकी क्लिकर’ नावाचा गेम काढला, त्यातली प्रत्येक इमारत अशीच १५ टक्क्यांनी महाग होत जाते. आमच्या हिशोबात दहावी पायरी १७६ नाण्यांना पडते, विसावी ७१२ ला आणि चाळिसावी साडेअकरा हजारांच्याही वर जाते. मॅचची कमाई मात्र नवं मैदान उघडलं की ठरावीक रकमेनंच वाढते. म्हणजे एका बाजूला चक्रवाढ आणि दुसऱ्या बाजूला साधी वाढ. कधी ना कधी दर कमाईला मागे टाकणारच, आणि ते कुठं व्हावं हे आम्ही ठरवून केलंय.

मग १५ ऐवजी ७ टक्के का नाही, असं तुम्ही विचारलंत. ठेवून बघितले होते. ७ टक्क्यांनी चाळिसावी पायरी जेमतेम ७०० नाण्यांत येते. आमच्याकडे चाचणीला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी दुपारभरात सगळ्या पट्ट्या भरल्या, हाफलाइनवरनं डोळे मिटून गोल मारले आणि फोन खाली ठेवले. परत कुणी उघडला नाही. तेव्हा आम्ही दर चढवले. एकाच पट्टीत नाणी ओतणाऱ्यालाच चढ लागावा, सगळीकडे वाटून घालणाऱ्याला रस्ता सपाट राहावा, असा त्यामागचा विचार.

आता तुमचंच उदाहरण घ्या. ताकदीची बत्तिसावी पायरी तुम्हाला ३,८०७ नाण्यांना दाखवतेय, त्यावरच तुमचा राग आहे. वळण मात्र दोनवर पडून आहे. तिथं तिसरी पायरी ६६ नाण्यांची. दोनपासून थेट अठरापर्यंत वळण नेलं तर एकूण ३,६८४ नाणी लागतात. म्हणजे ताकदीच्या त्या एका पायरीच्या पैशात वळणाच्या सोळा पायऱ्या, वर शंभरेक नाणी शिल्लक. यात आम्ही काय उकळलं, सांगा.

आणि वळण कशाला, तर गोलकीपरसाठी. ‘कितीही जोरात मारा, उजव्या कोपऱ्यात अडवतोच’ हे तुमचे शब्द. कीपर दोन गोष्टी करतो. तुम्ही शेवटचे दहा शॉट कुठं मारलेत ते तो लक्षात ठेवतो आणि ज्या कोपऱ्यात जास्त मारलेत तिकडं आधीच थोडा झुकून उभा राहतो. दुसरं, बॉल पायातून सुटल्यावर हलायला तो ठरावीक वेळ घेतो. मैदान वरचं असेल तसा तो वेळ कमी होतो, पण सेकंदाच्या पाचव्या भागाखाली कधीच जात नाही, कारण माणसाचा मेंदू-हात त्याहून फारसा चपळ नसतो. फासा नाही, छुपा आकडा नाही. चीटिंगच करायची असती तर एवढा कोड लिहायची गरजच नव्हती.

खऱ्या मैदानातलं गणितही बघा. पेनल्टीचा ठिपका गोलपासून ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटरनं मारलेला बॉल तिथून ०.४ सेकंदात पोचतो. त्यामुळे बॉल बघून हलेन म्हणणाऱ्या कीपरला उशीरच होतो. तो मारणाऱ्याच्या सवयीवर अंदाज बांधतो. तुमची सवय उजव्या कोपऱ्याची, ती त्याला पाठ झालीय. ताकद वाढवून तुम्ही त्याचा वेळ कमी करता हे खरं, पण आधीच झुकून उभ्या राहिलेल्याला वेळ लागतोच किती?

वळलेल्या बॉलचं तसं नसतं. फिरत जाणाऱ्या बॉलला हवा एका अंगाला ढकलते, त्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. बॉल हवेत जितका जास्त वेळ राहील तितका तो धक्का दिसायला अवकाश मिळतो. म्हणून तेवढाच फिरका दिला तर जोरात मारलेला बॉल कमी वळतो आणि बेतानं मारलेला जास्त. आमच्या गेममध्येही हेच घातलंय. ताकद ३१ आणि वळण २ म्हणजे बॉल जवळजवळ सरळ रेघेत जाणार, आणि सरळ रेघ कीपरला लगेच कळते. दोन्ही एकदम जमलं तर काय होतं ते ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसनं १९९७ मध्ये फ्रान्सविरुद्ध दाखवलं. सुमारे ३५ मीटरवरनं मारलेली ती फ्री किक समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीच्या बाहेरनं गेली आणि गोलच्या दिशेला परतली. कीपर जागचा हलला नाही. वरच्या मैदानांवर तुम्हाला तसले शॉट मारता यावेत, म्हणून तर ही पट्टी आहे.

बॉल खांबाला फार लागतो, ही तक्रारही तुम्ही मधेच केलीय. आमचा गोल खऱ्याच्याच प्रमाणात आहे. खरा ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, म्हणजे बरोबर तिनास एक. काही गेममध्ये गोल रुंद करून ठेवतात म्हणजे खेळणारा खूश. आम्ही केला नाही, करणारही नाही.

पावसाळी मैदानाची तक्रार खानापूरकरानं करावी, याची मात्र गंमत वाटली. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्ही आमच्यापेक्षा जास्त बघितलाय. जुलैत तुमच्याकडच्या लाल मातीच्या मैदानावर बॉल सरपटत सोडून बघा, डबक्यात गेला की तिथंच बसतो. ‘मग वेगाच्या अपग्रेडचा उपयोग काय’ असं तुम्ही विचारता. त्या मैदानावर काहीच नाही, म्हणून तर ते मैदान ठेवलंय. १९७४ च्या वर्ल्डकपमध्ये फ्रँकफर्टला पश्चिम जर्मनी आणि पोलंडची मॅच अशीच पाण्यात झाली. पोलंडचे विंगर, म्हणजे कडेनं धावणारे खेळाडू, त्या स्पर्धेतले सगळ्यात चपळ म्हणावेत असे, पण साचलेल्या पाण्यात त्यांची धाव कामाची राहिली नाही. जर्मनीच्या गेर्ड म्युलरच्या एका गोलवर जर्मनी फायनलला गेली. पाण्यात उचलून मारलेला पास चालतो, सरपटी चालत नाही. तुमची पास पट्टी तीनवर आहे. दहाच्या पुढं गेली की उचलून मारायचं बटण उघडतं.

ऑफसाइड नाही, बरोबर. पाच-पाच जणांची, दोन मिनिटांची मॅच आहे. फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलमध्येही, ऑफसाइड नसतो आणि त्याला फुटबॉल नव्हे असं कुणी म्हणत नाही.

फोन तापतो म्हणालात. सेटिंगमध्ये ‘सेकंदाला ३० चित्रं’ निवडा, फरक पडेल.

कॉमेंट्रीबद्दल थोडं. ‘शुद्ध मराठी पाहिजे, हे काय गावंढळ’ असं लिहिलंत. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच बघायला आपल्याकडनंही माणसं जातात. तिथं बाकावर बसून कुणी ‘अप्रतिम, नयनरम्य गोल’ म्हणत नाही. आम्हाला स्टुडिओतला आवाज नको होता, कट्ट्यावरचा पाहिजे होता. नकोच असेल तर बंद करता येतो, आणि कन्नड-इंग्रजीही आहे. त्याच ओघात एका दुसऱ्या वाचकानं विचारलंय की संघांना चव्हाट गल्ली, कोनवाळ गल्ली, कंग्राळ गल्ली अशी नावं का, कर्नाटक-महाराष्ट्र का नाही. मुद्दामच. सीमेवर राहतो आपण. तो वाद इथं घराघरात आहे, दोन मिनिटांच्या मॅचमध्ये तरी नको.

आता पैशाचं, कारण खरा आरोप तोच आहे.

भाऊ, आमच्या गेममध्ये नाणी विकत मिळतच नाहीत. दुकानात एकच वस्तू आहे: जाहिराती कायमच्या बंद, ९९ रुपये, एकदाच. त्यातले १५ टक्के गुगलचे. दर चढवून आम्ही नाणी विकणार असतो तर तुमचा राग रास्त होता. बरेच जण तसं करतात, भिंत उभी करतात आणि शेजारी शिडी विकायला बसतात. आमच्या भिंतीशेजारी शिडीचं दुकान नाही. बंद पेटीत काय निघेल ते नशिबावर, पेटीला पैसे मोजा, हा प्रकारही आम्ही ठेवलेला नाही. बेल्जियमनं २०१८ मध्ये असल्या पेट्या जुगारात धरल्या. आपल्याकडं तसा कायदा असो-नसो, आठवी-नववीतली पोरं बापाच्या फोनवर खेळतात हे आम्हाला दिसतं.

जाहिरात तीन मॅचमागे एक, आणि ती मॅच संपल्यावरच. खेळ चालू असताना एकही नाही. नाणी दुप्पट करायची जाहिरात तुम्ही स्वतः बटण दाबून बघता. त्या सगळ्या तुम्ही धरल्यात म्हणून आकडा फुगलाय. नेट बंद करून खेळलात तर एकही येत नाही, आणि गेम पूर्ण चालतो. जंगलाकडच्या गावांत रेंज नसते हे माहीत असल्यामुळेच तो तसा बांधलाय. त्यात आमचं उत्पन्न बुडतं, तरी चालेल.

‘पैसे लावून मॅच ठेवा, बघा कशी गर्दी होते’ ही सूचना मात्र मी वाचून बाजूला ठेवली. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम देशभर बंद झालेत, आणि कायदा नसता तरी आमचं उत्तर हेच असतं. त्यापायी काय काय झालं हे प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे.

एक सोय तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. खेळाडूच्या चित्रावर बोट दाबून धरलं की ‘नव्यानं वाटप’ येतं. एका पट्टीतली नाणी काढून दुसरीकडे घालता येतात, महिन्यातून एकदा, फुकट. ताकद पंचविसावर आणली तरी वळण आणि पास दोन्हीला भरपूर पुरतील.

आणि गेम काढूनच टाकणार असाल, तसं लिहिलंयत म्हणून सांगतो, आधी सेटिंगमध्ये जाऊन सेव्ह कोड कॉपी करून कुठंतरी ठेवा. सगळं तुमच्याच फोनवर असतं, आमच्याकडं काही साठत नाही. कोड नसला तर ती ३१ पायऱ्यांची ताकद मलाही परत देता येणार नाही. आणि ९९ रुपये भरून ४८ तास झाले नसतील तर प्ले स्टोअरवरनं परत मागा, आम्ही कारण विचारणार नाही.