‘तिशीनंतर दरवर्षी किडनी प्रोफाइल’: त्या मेसेजचं काय करायचं?

मार्चचा दुसरा गुरुवार, म्हणजे जागतिक किडनी दिन, जवळ आला की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: किडनीचा आजार शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने दरवर्षी ‘किडनी प्रोफाइल’ (किडनीच्या तपासण्यांचं पॅकेज) करावं, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं की वर्षभर निर्धास्त, रिपोर्टात आकडा ठळक छापून आला तर किडनी गेलीच समजा, आणि लवकर सापडलं तर आजार पूर्ण बरा होतो. खाली बहुतेक वेळा एखाद्या पॅकेजचा दर असतोच.

आजार शेवटपर्यंत कळत नाही, हे खरं आहे. किडनीचं निम्म्याहून अधिक काम मंदावलं तरी माणूस रोजच्यासारखा जेवतो, कामावर जातो. पायावर सूज, मळमळ, अंगाला खाज सुरू होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. यावर वाद नाही.

पण म्हणून ‘प्रत्येकाने, दरवर्षी’? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2013 मध्ये उलट सांगितलं: लक्षणं नाहीत, धोक्याचं कारणही नाही, अशांची सरसकट तपासणी नको. तिथल्याच किडनीतज्ज्ञांच्या संघटनेने लगेच विरोध केला. जपानमध्ये 1974 पासून शाळकरी मुलांची लघवी तपासली जाते. म्हणजे जाणकारांतच दोन मतं आहेत. ज्यावर फारसा वाद नाही ते एवढंच, की मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, घरात कुणाला किडनीचा आजार, यांपैकी काही असेल त्याने तपासणी चुकवू नये. आपल्याकडे एवढ्या यादीतच इतकी माणसं बसतात की आधी ती तपासून झाली तरी मोठं काम झालं. पॅकेज घेतो तो मात्र बहुधा तिशीतला धडधाकट नोकरदार, आणि बारा वर्षं शुगरच्या गोळ्या खाणाऱ्या त्याच्याच मावशीची लघवी कुणी तपासलेली नसते.

सगळ्यात घातक वाक्य क्रिएटिनिनचं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. ज्याचे स्नायू कमी, त्याचा आकडा मुळातच कमी. समजा, दोघांच्या रिपोर्टात 1.1 आलं. पंचवीस वर्षांच्या तरुणाचं वय आणि लिंग धरून 2021 च्या सूत्राने हिशेब केला तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, सुमारे 95 येते. छान. सत्तर वर्षांच्या आजीचा हिशेब मांडा: सुमारे 54. तीन महिन्यांनीही ती 60 च्या खालीच राहिली तर त्याला दीर्घकालीन किडनीचा आजार म्हणतात. आणि 1.1 हा आकडा अनेक लॅबच्या ‘नॉर्मल’ रकान्यात निमूट बसतो.

शिवाय ईजीएफआर चांगली असतानाही किडनीची चाळणी गळायला लागलेली असू शकते, विशेषतः मधुमेहात. ते कळतं लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून. तपासणीचं नाव एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण; सकाळच्या पहिल्या लघवीवर केलेली उत्तम. 30 च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) वर गेली की लक्ष द्यायचं. ‘किडनी प्रोफाइल’मध्ये युरिया, युरिक अॅसिड, सोडियम, पोटॅशियम अशी लांबलचक रांग असते आणि नेमकी ही एक गोष्ट अनेकदा नसते. लोकांना रांग लांब दिसली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, त्याला काय करणार!

ठळक आकड्याची भीतीही फुकटची. ताप, लघवीचा संसर्ग, जोरदार व्यायाम, पाळी, यांत अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. आदल्या रात्री मटणावर ताव मारला तर क्रिएटिनिनही थोडं चढतं. म्हणून तपासणी पुन्हा करायची, आणि बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच आजार म्हणायचा. घाबरून लोक भलतंच करतात: बीपीची गोळी बंद! रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर साधारणपणे चालवून घेतात, कारण याच गोळ्या पुढे किडनी वाचवतात.

‘पूर्ण बरा होतो’ हे तर साफ चूक. दीर्घकालीन आजारात किडनीत पडलेले व्रण भरून येत नाहीत. आजाराचा वेग मात्र कमी करता येतो, आणि तो पूर्वीपेक्षा बराच. 2020 च्या डापा-सीकेडी या औषध-चाचणीत डापाग्लिफ्लोझिन हे मूळचं मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांमध्ये किडनीचं काम निम्म्यावर येणं, ती निकामी होणं किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू येणं, हा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी घटला. त्यात मधुमेह नसलेलेही रुग्ण होते. भारतात आता हे औषध जेनेरिक मिळतं. अशा औषधांची जोड दिली तर पस्तिशीनंतर सगळ्यांच्या लघवीतलं अल्ब्युमिन तपासणं पैशाच्या हिशेबातही परवडेल, असं 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलं. सरसकट तपासणीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच, आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. आंध्रातलं उद्दानम, गोव्यातला काणकोण अशा भागांत मधुमेह वा बीपी नसलेल्यांच्याही किडन्या निकामी होतात, त्याचं कारण अजून पक्कं ठरलेलं नाही, आणि लघवीत अल्ब्युमिन फारसं दिसेलच असं नाही. तिथे गावच्या गाव क्रिएटिनिनसकट तपासणं रास्त आहे.

बाकीच्यांनी घरातल्या शुगर-बीपीवाल्यांचे जुने रिपोर्ट काढून बघा. एसीआर कुठेच नसेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर छापलीय का, तेही पाहा.