नाव कापले, कूळ हलेना

पुण्यातल्या एका संस्थेत ४० संगणकांचा लिनक्स क्लस्टर आणि त्यांना कामे वाटून देणारा एक मुख्य सर्व्हर, असे ४१ यंत्रांचे खटले मी सांभाळतो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी गणपतीला मात्र मी केवळ पाच दिवसांचा चाकरमानी असतो, असा माझा समज होता. ऋषिपंचमीला दुपारी ऋषीच्या भाजीचा पहिला घास तोंडाशी नेतो न नेतो तोच खिशातल्या मोबाईलला कापरे भरले. आमच्या घरात रेंज येते ती वाऱ्याच्या झुळकेसारखी, आणि त्या एका झुळकेसरशी ४१ इशारे येऊन पडले.

वस्तुतः बिघडला होता एकटा मुख्य सर्व्हर. तो गप्प झाल्याची तक्रार उरलेल्या चाळीसही यंत्रांनी वेगवेगळी नोंदवली होती. कोण कोणावर अवलंबून आहे हे इशारे पाठवणाऱ्या नागिऑस या प्रणालीला एकदा समजावून दिले, तर तो असा गावगोंगाट करत नाही. पण ते काम मी ‘पावसाळ्यानंतर’ म्हणून गेले तीन पावसाळे पुढे ढकलत आलो होतो. १९९९ साली ही प्रणाली आली तेव्हा तिचे नाव ‘नेटसेंट’ होते आणि पुढे नाव बदलताना ‘आम्ही संतपणाचा आग्रह धरणार नाही’ असा नव्या नावाचा विस्तार करण्यात आला. त्या दुपारी मला तो फारच प्रामाणिक वाटला.

खात्रीची रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर मिळते. त्यामुळे लॅपटॉप सोवळ्याच्या उपरण्यात गुंडाळून मी घाटी चढलो आणि छत्री धरायला काका आले. आधी लोड, म्हणजे यंत्रावरचा कामाचा भार, पाहिला. लिनक्सच्या लोडमध्ये काम करणाऱ्या प्रक्रियांबरोबर, म्हणजे चालू प्रोग्रॅमबरोबर, डिस्कची वाट पाहत खोळंबलेल्याही मोजल्या जातात, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर अडकून पडलेल्या गाड्याही रहदारीत धराव्यात तसे. पण इथे लोड अर्ध्यावरही नव्हता. मग डिस्क पाहिली. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदी, ठेवण्याचा भाग शंभर टक्के भरला होता. जागा नाही म्हणून कामे वाटणाऱ्या स्लर्म नावाच्या प्रोग्रॅमला आपली स्थिती लिहून ठेवता येईना, आणि त्याने मान टाकली होती. ९० जीबीची ती फाईल कोणाची, तर यंत्रावर लक्ष ठेवण्यासाठी मीच बसवलेल्या पहारेकरी प्रोग्रॅमची! राखणदारानेच कणगी फस्त केली होती.

मी संतापाने फाईल उडवली आणि पुन्हा पाहिले, तरी डिस्क शंभर टक्केच. फोल्डर मोजले, तर तिथे ती फाईल नावालाही नव्हती. मी तीन वेळा तेच करून पाहिले, कारण संगणकाचा अभ्यास केलेला माणूस गोंधळला की तीच आज्ञा अधिक जोराने टंकतो.

काकांना मी थोडक्यात सांगितले की यादीतून नाव काढले, पण जागा काही मोकळी होत नाही. १९४८ च्या कूळकायद्याखाली काकांनी अर्धे आयुष्य कचेरीत घालवलेले आहे. छत्री जराही न हलवता ते म्हणाले, “अरे, सातबाऱ्यावरचं नाव खोडून काय होतंय? जमीन कसतोय कोण, ते बघ आधी.”

हे मला ठाऊक असायला हवे होते, नव्हे, होतेच. लिनक्समध्ये फाईल पुसली म्हणजे फक्त तिचे नाव जाते. एखाद्या प्रक्रियेने ती उघडून धरली असेल, तर ती सोडीपर्यंत एक बाइटही परत मिळत नाही. कसणारा अर्थातच तो पहारेकरी होता. त्याला बंद करून पुन्हा सुरू केल्याबरोबर ९० जीबी मोकळे झाले आणि स्लर्म उठून बसला. “आमच्या दाव्यात असं कुठे झालं,” असे म्हणत काका उतरू लागले.

घरी आलो तेव्हा ऋषीची भाजी संपली होती. यंत्र बरे झाले की नागिऑस तेही कळवतो. संध्याकाळच्या आरतीत ऐन ‘घालीन लोटांगण’च्या वेळी वाऱ्याची झुळूक आली आणि आपापली प्रकृती उत्तम असल्याचे ४१ निरोप माझ्या खिशात एकामागून एक येत राहिले.