मागच्या सीटवर बसलेल्या बाईचा काय दोष?

आज एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत एका नातेवाइकांनी मावशीला सगळ्यांदेखत विचारलं, "काय मग, केसचं कुठवर आलं? किती सुटले?" आणि हसले. आजूबाजूचे दोघंतिघंही हसले. मावशी डाव्या हातात चमचा धरून भात खात होती. ती मान खाली घालून खात राहिली. दुसऱ्याच्या घरचं कार्य, तिथे मी काही बोलले नाही. पण घरी आल्यापासून डोकं भणभणतंय. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही केस मावशीच्या अपघाताच्या भरपाईची आहे. गेल्या पावसाळ्यात मावशी साताऱ्याहून एसटीनं आली, कात्रजला उतरली. बाणेरला लेकीकडे जायचं होतं, लेकीनं ॲपवरून कॅब बुक करून दिली. बायपासवर वारज्याच्या अलीकडे पुढच्या गाड्या अचानक थांबल्या. कॅबवाल्याची नजर मोबाइलवर होती, कारण पुढच्या भाड्याची घंटी वाजत होती आणि ते काही सेकंदांत घेतलं नाही तर दुसऱ्याला जातं. त्यानं करकचून ब्रेक मारला, मागून अंतर न ठेवता येणारा टेम्पो धडकला. मावशी पुढच्या सीटवर आपटली. उजवं मनगट मोडलं, खांदा निखळला. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. हाड जुळलं, पण मूठ पूर्ण वळत नाही.

माझी मावशी ब्लाउज शिवायची. साताऱ्यात तिच्या गल्लीत कुणालाही विचारा. लग्नसराईत तिच्याकडे कपडा टाकायचा तर महिनाभर आधी सांगावं लागायचं. मुंढा असा बसवायची की हात वर केला तरी ब्लाउज उचलला जात नसे. फॉल-पिको, अस्तर, सगळं एकटी. काका गेल्यावर त्याच मशिनवर तिनं दोन मुलांची शिक्षणं केली. आता तिला कात्री धरता येत नाही.

आणि हे विचारतात, किती सुटले!

सुटले म्हणजे काय? लॉटरी लागलीय का तिला? जे होतं ते गेलंय, आणि त्यातलं जेवढं परत मिळेल तेवढं ती मागतेय. कायद्यानं मागतेय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे, रीतसर. कुणाच्या दारात जाऊन हात पसरलेला नाही. गाडी रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे, त्याचा हप्ता दरवर्षी भरला जातो, तो ह्याच दिवसासाठी. मग तो मागणाऱ्या बाईकडे चोरी केल्यासारखं का बघायचं?

त्या ॲप कंपनीचं ऐका. मावशीच्या लेकीनं हॉस्पिटलच्या बाहेर उभं राहून तक्रार टाकली. ॲपमध्ये 'मदत' म्हणून जे असतं त्यात आधी तयार उत्तरं आली. मग कुणीतरी लिहिलं की आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. भाडं परत केलं आणि पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कूपन दिलं. आत ऑपरेशन थिएटरमध्ये बाईच्या हातात स्क्रू ठोकतायत आणि बाहेर हिच्या मोबाइलवर कूपन! नंतर वकिलांनी नोटीस पाठवली तेव्हा उत्तर आलं की आम्ही गाड्या चालवत नाही, आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो, चालक स्वतंत्र व्यावसायिक आहे.

असं कसं? भाडं तुम्ही ठरवणार, कमिशन तुम्ही कापणार, कुठला ड्रायव्हर येणार ते तुम्ही ठरवणार, त्याचं रेटिंग पडलं की आयडी बंद तुम्ही करणार, गाडी चालवताना त्याच्या तोंडासमोर घंटी तुम्ही वाजवणार. आणि हाड मोडलं की तुमचा काही संबंध नाही. २०१९ च्या दुरुस्तीत ह्या कंपन्यांना कायद्यात 'ॲग्रीगेटर' (प्रवासी आणि चालक जोडून देणारी कंपनी) म्हणून जागा दिली, परवाना घ्यायला लावला. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर प्रवाशांसाठी किमान ५ लाखांचा विमा हवा असं स्पष्ट म्हटलंय. मग तो विमा कुठे आहे, कुणाकडे मागायचा, हे ॲपमध्ये ठळक अक्षरांत का नाही? कूपन तर बरोबर दिसतं.

त्या ड्रायव्हरबद्दल मात्र माझ्या मनात राग टिकत नाही. लातूरकडचा पोरगा, पंचविशीतला असेल. त्याच्याही कपाळाला टाके पडले होते. तो दोनदा मावशीला बघायला आला, एकदा तर शहाळं घेऊन. गाडीवर कर्ज, गाडी गॅरेजमध्ये, हप्ता चालू, कंपनीनं आयडी बंद केलेला. मावशीनं त्याला विचारलं, "जेवलास का?" चूक त्याची होती, नाही असं नाही. पण चौदा-चौदा तास गाडी चालवल्याशिवाय ज्याचा हप्ता निघत नाही त्याच्याकडून काय वसूल करणार? त्याच्याकडून कुणाला करायचंही नाही. विमा असतो तो ह्याचसाठी. नातेवाइकांपैकी एकजण म्हणाले, "गरिबावर केस केली." अहो, पैसे विमा कंपनीनं भरायचे आहेत. ती गरीब नाही.

आता विमा कंपन्यांचं. दोन गाड्या, दोन कंपन्या. कॅबची कंपनी म्हणते टेम्पोची चूक, टेम्पोची कंपनी म्हणते कॅबवाल्यानं अचानक ब्रेक मारला. दोघींच्या वकिलांची टोलवाटोलवी चालू आणि मध्ये मावशी. पण प्रवासी बाईनं ह्यात का लटकायचं? सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच सांगितलंय की दोन चालकांच्या चुकीनं तिसऱ्याला इजा झाली तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, आपसातली वाटणी त्यांनी नंतर बघावी. मागच्या सीटवर बसलेल्या माणसानं स्टिअरिंगला हात लावलेला नसतो.

"बेल्ट लावला होता का?" हा पुढचा प्रश्न. हो, मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे आणि लावायला हवा, २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले तेव्हा आपण सगळे त्यावर बोललो होतो. पण किती कॅबमध्ये मागचा बेल्ट हाताला लागतो सांगा. सीट कव्हर घालताना तो खाली दाबून टाकलेला असतो. मावशीच्या गाडीतही तसाच होता. पंचनाम्यात आलंय ते.

पोलिसांकडे गेलो तेव्हा पहिला सल्ला काय, तर "मिटवून टाका, कशाला कोर्टकचेऱ्या." एफआयआरसाठी हट्ट धरावा लागला. धरला म्हणून निभावलं. हॉस्पिटलनं एमएलसी (पोलिसांसाठीची अपघाताची नोंद) नोंदवलं होतं, मावशीच्या लेकीनं ॲपमधल्या राइडचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, गाडीचा नंबर, चालकाचं नाव, वेळ, मार्ग, सगळं त्यात. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), परमिट, विमा पॉलिसीची प्रत मिळवली. हे सगळं सांगतेय कारण तुमच्यापैकी प्रत्येक जण आठवड्यातून एकदा तरी त्या मागच्या सीटवर बसतो. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातानंतर ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा अशी अट आहे. त्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. हाताला प्लास्टर असताना माणूस महिने मोजत बसत नाही, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. आणि दावा जिथे अपघात झाला तिथेच लावावा लागतो असंही नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो. मावशीचा साताऱ्यात लावला, नाहीतर प्रत्येक तारखेला तिला घाट उतरून यावं लागलं असतं. कुणी टक्केवारीवर केस घेतो म्हणाला तर चार हात लांब राहा, वकिलांच्या नियमांत ते बसत नाही.

खोटे दावे होतात का? होतात. खोटी बिलं, खोटे साक्षीदार, सगळं होतं, मान्य. म्हणून खरी मोडलेली मनगटं मोजायचीच नाहीत का?

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त चीड आली ते लिहिते. विमा कंपनीच्या लेखी कैफियतीत, म्हणजे आमच्या दाव्याला दिलेल्या उत्तरात, एक वाक्य आहे. अर्जदार ही गृहिणी असून तिला स्वतःचं उत्पन्न नाही, सबब उत्पन्नाच्या नुकसानीचा प्रश्न उद्भवत नाही. वकिलांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे मी आजवर काहीच केलं नाही का गं?"

काय सांगू तिला? काका गेल्यावर ज्या मशिननं घर चाललं, त्याला आयकर विवरणपत्र नाही. पावती पुस्तक नाही. गल्लीतली बाई ब्लाउज घेऊन जाताना पैसे हातात ठेवते, वर कधी पेढे ठेवते. याचा पुरावा कुठून आणायचा? आणि समजा ती शिवत नसती, नुसतं घर सांभाळत असती, तरी उत्पन्न शून्य? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं, पुरुष ९७. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये ह्याच आकड्यांचा आधार घेऊन म्हटलं की गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे. निकाल आहे, छापील आहे. तरी लेखी कैफियतीत तेच वाक्य पुन्हा येतं, कारण बऱ्याच बायका ते वाचून खचतात आणि लोकअदालतीत मिळेल तेवढ्यावर सही करतात.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही तेच. कागदावर टक्का लहान दिसतो, कारण तो सगळ्या शरीराच्या मानानं काढलेला. पण ज्या बाईचं पोट उजव्या हातावर आहे तिचा उजवा हात गेला तर उरलेलं शरीर धडधाकट असून काय उपयोग? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालात हेच सांगितलंय की दाखल्यातला टक्का जशाचा तसा उचलू नका, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघा. आमचे वकील त्यावरच भर देणार आहेत. बघू.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आता जे सांगायचं ते शांतपणे सांगते. साखरपुड्याहून परत येताना मावशी गाडीत म्हणाली, "मागे घेऊया का गं केस? लोक हसतात." पोलिसांनी मिटवा म्हटलं तेव्हा ती डगमगली नाही. 'उत्पन्न नाही' हे वाचूनही दुसऱ्या दिवशी सही करायला आली. आणि आज आपल्याच माणसांच्या हसण्यानं तिला माघार घ्यावीशी वाटली. विमा कंपनीच्या वकिलाला जे जमलं नाही ते आपल्या एका पंगतीनं केलं. ज्यांना लागेल त्यांना लागू दे, मी ही पोस्ट काढणार नाही.

केस मागे घेणार नाही. रात्री मी आणि तिची लेक तिच्याशी बसून बोललो, ती तयार आहे. पुढच्या महिन्यात तिची उलटतपासणी आहे. तिथे तिला विचारणार, शिवणकाम करत होतात याला पुरावा काय?

म्हणून साताऱ्यातल्या मैत्रिणींनो, काकूंनो, वहिनींनो, तुमच्यापैकी ज्यांनी मावशीकडे ब्लाउज शिवलेत त्यांना विनंती आहे. तिला कधी फोनवरून पैसे पाठवले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवा. मापाची चिठ्ठी, 'झाला का गं ब्लाउज' म्हणून केलेला मेसेज, काहीही चालेल, जुनं असलं तरी चालेल. आणि दोन-तीन जणी कोर्टात येऊन एवढंच सांगायला तयार असतील की हो, ही बाई आमचे कपडे शिवायची आणि आम्ही तिला पैसे द्यायचो, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. जायची-यायची, जेवायची सोय मी करते.