इटालियन क्रियापदांचा आघात: ‘शेवटून दुसरा’ हा नियम अपुरा आहे

‘इटालियन शब्दात आघात (उच्चारातला जोर) नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो’ असं नवशिक्यांना बिनधास्त सांगितलं जातं. नामांपुरतं ते बऱ्याचदा खपून जातं, पण क्रियापदांत हा नियम लगेच फसतो.

‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. ‘आम्ही बोलतो’ हे ‘पार्लिआमो’, आघात ‘लिआ’वर, इथवर नियम बरोबर. पण ‘ते बोलतात’ म्हणजे ‘पार्लानो’, आणि इथे आघात ‘पार्’वर, शेवटून तिसरा. ‘ते फोन करतात’ म्हणजे ‘तेलेफोनानो’: ते-ले-फो-ना-नो, आघात ‘ले’वर, चक्क शेवटून चौथा! तृतीयपुरुषी अनेकवचनात शेवटून दुसऱ्यावर आघात देण्याची चूक सर्रास ऐकू येते, म्हणून तेच रूप आधी घोटावं. मूळ रूपांतही फरक आहे: ‘वेदेरे’ (पाहणे) मध्ये आघात ‘दे’वर, तर ‘प्रेन्देरे’ (घेणे) मध्ये ‘प्रेन्’वर. लिखाणात खूण नसते. ती सक्तीने येते फक्त आघात शेवटच्या अक्षरावर असला की. ‘पार्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’, पण शेवटच्या ‘ओ’वर खूण आली की ‘तो बोलला’.

दुसरा गैरसमज, ‘जोडव्यंजन फक्त लिहिण्यापुरतं’. मुळीच नाही. ‘पार्लेरेमो’ म्हणजे ‘आम्ही बोलू’, ‘पार्लेरेम्मो’ म्हणजे ‘आम्ही बोललो असतो’. हे द्वित्व दोन अक्षरांत विभागलं जातं, रेम्-मो. आपल्याला ‘पक्का’, ‘सच्चा’ म्हणायची सवय आहेच, तोच ठसका इथे द्यायचा.