कपड्याला रंग लागला म्हणजे गाडी रिपेंट? काहीही!

सेकंडहँड गाडी शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज परत परत येतोय, हिंजवडीतल्या ऑफिसच्या ग्रुपपासून कोथरूडातल्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे. त्यात म्हटलंय की गाडी बघायला जाताना पांढरा कपडा आणि थोडं पॉलिश घेऊन जा आणि रंगावर घासून बघा. कपड्याला रंग लागला तर गाडी रिपेंट, म्हणजे ठोकलेली. नाही लागला तर कंपनीचा ओरिजिनल पेंट. मेटॅलिकवर क्लिअर कोट, म्हणजे वरचा बिनरंगाचा थर, असतोच, साध्या रंगावर कधीच नसतो. पेंटची जाडी मोजणाऱ्या मीटरवर १००-१२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आले की क्लिअर शाबूत. शंका राहिली तर थिनरचा बोळा फिरवा. आणि शेवटी, सिंगल स्टेज, म्हणजे एकाच थराचा पेंट, निघाला तर हलका माल, किंमत पाडून मागा.

यातला कपड्याचा प्रयोग खरा आहे, त्याला माझी ना नाही. पण तो सांगतो रंग कसा बांधलाय ते, आणि लोक त्याला विचारतात रंग कोणी मारलाय ते. सगळा घोळ तिथेच आहे.

आधी हे समजून घ्या. सिंगल स्टेजमध्ये रंग आणि चमक एकाच थरात असतात, त्यामुळे वरून घासलं की त्या थरातलंच रंगद्रव्य निघून कपड्यावर येतं. क्लिअर कोटवाल्या पेंटमध्ये रंग खाली बेस कोटात असतो आणि वर बिनरंगाचा थर, आपल्याकडचे पेंटर ज्याला लॅकर म्हणतात तो. पॉलिश लॅकरलाच घासतं, खालच्या रंगापर्यंत जातच नाही, म्हणून कपडा कोरा राहतो. बस एवढंच.

आता पहिला मुद्दा, रंग लागला म्हणजे रिपेंट. अहो, कंपन्यांनीच कितीतरी वर्षं सिंगल स्टेज रंगात गाड्या बाहेर काढल्यात! टोयोटाचा ०४० कोडचा सुपर व्हाइट हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, थेट फॅक्टरीतून सिंगल स्टेज. अशी गाडी वीस वर्षं एकाच घरात राहिली आणि कधी कुठे घासली नाही तरी तिचा रंग कपड्यावर येणारच, आणि यायलाच पाहिजे. उलट तो आला नाही तर मी विचारीन की बाबा, वरून लॅकर कधी मारलं? शिवाय क्लिअरवाल्या गाडीचाही रंग कधीकधी कपड्यावर येतो. बॉनेटच्या कडा, दरवाज्याची धार, अशा ठिकाणी लॅकर मुळातच पातळ बसतं, आणि वर्षानुवर्षं रबिंग कंपाउंड लावून मशीन फिरवणाऱ्यांनी ते तिथे पार संपवलेलं असतं, मग खालचा बेस उघडा पडतो आणि रंग सोडतो. म्हणून कडेवर घासून निकाल देऊ नका, सपाट भागावर घ्या, आणि घासायच्या आधी जागा धुवा हो! पुण्यात सध्या ज्या रस्त्याला बघावं तिथे खोदकाम चालू आहे, न धुता कपडा फिरवला तर कुठल्याही गाडीवर तो तपकिरीच निघणार, आणि वर आपण ती धूळ घासून ओरखडे पाडणार ते वेगळंच.

पांढऱ्या गाडीचं तर अजून गमतीचं आहे. मेसेज म्हणतो पांढरा कपडा न्या. पांढऱ्या गाडीवर, पांढऱ्या पॉलिशने, पांढऱ्या कपड्यावर काय दिसणार? काळा किंवा गडद निळा कपडा घ्या, आणि पॉलिश पांढरं नसलेलं. नाहीतर पॉलिशचाच पांढरेपणा बघून लोक सिंगल स्टेज सिंगल स्टेज म्हणत बसतात.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणजे रंग नाही लागला की ओरिजिनल. इथे खरंच माणसं फसतात. आज गल्लीतला बरा पेंटरसुद्धा टिंकरकाम, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणं, झालं की लांबी (पुट्टी) भरतो, प्रायमर मारतो, बेस मारतो आणि वर टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन, लॅकर मारतो. रचना कंपनीसारखीच, बेस आणि क्लिअर. मग कपडा कोराच राहणार ना? अख्खी डावी बाजू नवीन मारलेली गाडी या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होते आणि फॅक्टरीतून सिंगल स्टेज आलेली न ठोकलेली गाडी नापास होते, म्हणजे परीक्षा चक्क उलटी चालते.

रिपेंट शोधायचंच असेल तर दरवाजे उघडा आणि आतल्या कडेला मास्किंग टेपची रेष लागते का बघा, खिडकीच्या रबरावर, वायरिंगच्या क्लिपांवर रंगाचे बारीक कण उडालेत का बघा. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग तुटलाय का, तेही बघा, कारण पाना लागल्याशिवाय तो सहसा तुटत नाही. मग गाडी उन्हात काढायला लावा आणि तिरकं बघा. संत्र्याच्या सालीसारखा तो बारीक पोत सगळ्या पॅनलवर सारखा हवा, एकच दरवाजा आरशासारखा गुळगुळीत असेल तर तो नंतर मारलाय असं समजा. बंपरची शेड किंचित वेगळी दिसली तर मात्र लगेच ओरडू नका, तो प्लास्टिकचा असतो, बऱ्याचदा वेगळा रंगवून येतो.

मेटॅलिक-सॉलिडचा (सॉलिड म्हणजे साधा रंग) नियम अर्धा बरोबर आहे. आजच्या गाड्यांत मेटॅलिक म्हटलं की क्लिअर, हे धरून चालायला हरकत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमचे कण उघडे ठेवले तर ते काळवंडतात. पण जुन्या काळात सिंगल स्टेज मेटॅलिकही होते, त्यांना घासलं की कपड्यावर करडं येतं. आणि साध्या रंगावर कधीच क्लिअर नसतो हे तर साफ चूक. आजकालच्या कितीतरी सॉलिड काळ्या-लाल गाड्या क्लिअरवाल्या असतात. पर्ल व्हाइट तर तीन थरांचा, बेस, मग पर्ल, मग क्लिअर.

मीटरवाल्यांनी हा हिशोब जरा बघा. फॅक्टरी पेंटमध्ये गंजरोधक थर साधारण २० मायक्रॉन, प्रायमर ३० च्या आसपास, बेस १५, क्लिअर ४०. झाले १०५. सिंगल स्टेजमध्ये पहिले दोन थर तेच आणि वर ४०-५० चा एकच थर. झाले ९०-१००. मीटर बिचारा पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी मोजतो, मधे किती थर आहेत ते त्याला कळत नाही. त्याचा खरा उपयोग पॅनल-पॅनलची तुलना करायला. सगळीकडे ११० आणि एका दरवाज्यावर २५० म्हणजे तिथे पुन्हा रंग चढलाय, आणि ५००-१००० च्या घरात गेला तर आत लांबी आहे. पत्र्याचा मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथे लावून "एरर येतोय म्हणजे काहीतरी लपवलंय" म्हणणारेही मी बघितलेत.

थिनर मात्र कृपा करून नको. थिनरने विरघळतो तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर (वर सांगितलेलं बिनरंगाचं लॅकर नव्हे), १९२० च्या दशकात ड्युपॉन्टने ड्युको नावाने आणला त्या जातीचा पेंट, किंवा स्प्रे कॅनमधून मारलेला स्वस्त टचअप. फॅक्टरीत भट्टीत भाजलेला रंग विरघळत नाही, मग तो सिंगल स्टेज असो नाहीतर क्लिअरवाला, आणि नीट सुकलेला टू-के पीयूही नाही. म्हणजे ज्या दोघांत फरक करायचाय त्या दोघांनाही बोळा सारखंच उत्तर देतो, आणि रंग ताजा असेल तर दुसऱ्याच्या गाडीवर मळकट डाग राहतो. मालकाने तुम्हाला पार्किंगमधून हाकललं तर त्याचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

त्यापेक्षा कलर कोड बघा. गाडीप्रमाणे बॉनेटखाली नाहीतर दरवाज्याच्या खांबावर स्टिकर किंवा प्लेट असते. तो कोड घेऊन रंग मिक्स करून देणाऱ्या दुकानात जा, नाना पेठेत पार्ट घ्यायला जाणारच असाल तर तिथेच चौकशी करा, त्यांच्या फॉर्म्युल्यात तो शेड एका थराचा, दोन थरांचा की तीन थरांचा ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. मग कपडा फिरवा. कोड दोन थर म्हणतोय आणि सपाट पॅनलवर रंग सुटतोय, तर हां, आता मालकाला प्रश्न विचारायला जागा आहे. हेच कॉम्बिनेशन त्या मेसेजमध्ये असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं.

राहिला हलका माल. जुनी गाडी उन्हात उभी राहून राहून म्हातारी झाली की दोन्ही पेंट वेगळ्या तऱ्हेने मरतात. लॅकर गेलं की छपरावर, बॉनेटवर पांढरट चट्टे पडतात, कडा सुटतात, पापुद्रे निघतात, आणि त्याला पॉलिश हा इलाजच नाही, पॅनल घासून परत मारावा लागतो. सिंगल स्टेज खडूसारखा फिका पडतो, बोट फिरवलं की भुकटी लागते, दिसायला भयंकर, पण रंग थराच्या खोलीपर्यंत असतो त्यामुळे वरचा मेलेला भाग हलक्या पॉलिशने काढला की खालून ताजा रंग निघतो. फिका गुलाबी झालेला लाल परत लाल होतो. मात्र थर जेवढा आहे तेवढाच आहे, दरवेळी थोडा जाणार, म्हणून मशीन जपून, आणि नंतर वॅक्स नियमित, कारण उन्हापासून वाचवायला वर लॅकर नाहीये. तेव्हा भाव करताना लॅकर सोललेल्या गाडीत छप्पर-बॉनेट मारायचा खर्च आधी वजा करा, फिक्या पडलेल्या सिंगल स्टेजमध्ये बहुतेक वेळा एका चांगल्या पॉलिशचा.