432 कोटींचा हिशेब

परवा साताऱ्यात ताईकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा हातात पडतोय तोवर दाजींनी मोबाईल काढला. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, 432 कोटी वर्षांचा. शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय सांगतात 454 कोटी. "बघ, जुळलं का नाही?"

म्हटलं दाजी, आत्ता तासाभरापूर्वी पाटावर बसून संकल्प कुणी सोडला? 'श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे.' एका कल्पाचे चौदा भाग म्हणजे मन्वंतरं, त्यातलं हे सातवं. म्हणजे कल्प अजून अर्धासुद्धा सरलेला नाही. पोथीच्याच हिशेबानं उलटलीत साधारण 197 कोटी वर्षं. जुळवायचंच तर 197 जुळवा की! 432 चा दिवस मावळायला अजून लई वेळ आहे.

ताई आतनं हसली. दाजी शिरा खात राहिले.

मला राग पोथीचा नाही, या जुळवाजुळवीचा येतो. आमची आजी पाटणची. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. 'शेषानं मान हलवली,' एवढंच ती सांगायची, आणि पुढं थंडीत अंगणात काढलेल्या रात्री. धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के सुरू झाले, पाण्याचा भार आणि दाब खालच्या भेगांना भोवला, हे तिला कोण सांगणार होतं? पण आज त्याच कोयना भागात 3 किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासला गेलाय, आणि आपण शेषनाग म्हणजे टेक्टॉनिक प्लेट असं फॉरवर्ड करतो. आजीचं बोलणं यापेक्षा प्रामाणिक होतं.

आणि पूर्वजांचंच म्हणाल, तर भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धांतशिरोमणी'त हा शेष निकालात काढलाय. पृथ्वीला आधार लागतो, तर त्या आधाराला दुसरा, त्याला तिसरा. शेवटी एक कुणीतरी स्वतःच्या बळावर उभा मानायचाच, मग तो मान पहिल्या झटक्यात पृथ्वीलाच का नको? असला माणूस आपला, आणि आपण त्याचं न वाचता आकडे जुळवत बसतो.

संध्याकाळी दाजींना गाडीवर मागं घेऊन यवतेश्वरच्या घाटात गेलो. घाटातल्या दरडी म्हणजे लाव्ह्याच्या थरांची चळतच. असल्या दोन काळ्या थरांच्या मधे कुठंकुठं विटकरी पट्टा असतो. खालचा लाव्हा थंड होऊन वरून कुजला, माती झाली, मग वरच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. असा पट्टा दिसल्यावर गाडी थांबवली. दाजींनी नखानं उकरून बघितलं. बोट लाल झालं.

"किती वर्षं झाली म्हणतोस?"

"साडेसहा कोटींच्या आसपास."

बोट पँटला पुसत म्हणाले, "मग हे कितवं मन्वंतर?"

मोबाईलवर हिशेब केला. चालू मन्वंतराचीच बारा कोटी वर्षं झालीत. "हेच, दाजी. वैवस्वत."

भलतेच खूष झाले.